भिकार सिनेमा निवडण्याची कृती

साहित्य : सात माणसं (आठ नकोत), एक पांढरी चादर, उसना किंवा भाड्याचा प्रोजेक्टर, ब्लूटूथ स्पीकर, शंभर पानी वही, चिठ्ठ्या टाकायला एक तांब्या, इन्व्हर्टर आणि नऊ जणांची शेवभाजी. सात माणसं नऊ जणांचं खातात, हा अनुभव आहे.

वेळ : दिवाळीनंतरची शनिवारची रात्र. मे महिन्यात हा कार्यक्रम करू नये. नंदुरबारच्या उन्हाळ्यात रात्री दहालाही गच्ची तव्यासारखी असते आणि तापलेला माणूस कुठल्याही सिनेमाला भिकारच म्हणतो.

विज्ञानाच्या नाहीतर जादूच्या नावावर आपल्याला आजवर जे जे दाखवलं गेलं, त्यातलं सर्वांत वाईट कुठलं, याचा निकाल लावण्याची ही कृती आहे. भांडायला कृती कशाला लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कृतीशिवाय भांडून पाहावं. आमची पहिल्या वर्षीची बैठक रात्री साडेआठला सुरू झाली, पावणेदोनला संपली, ठरलं काहीच नाही आणि दोन चुलतभावांनी होळीपर्यंत एकमेकांशी बोलणं टाकलं. भांडणाचं कारण ‘रा.वन’. त्यानंतर मी वही घातली.

सगळ्यात आधी जागा. नंदुरबारात मोकळी, सपाट आणि राखण असलेली जागा म्हणजे मिरचीची पथारी. दिवाळीच्या सुमारास ओल्या लाल मिरचीची आवक वाढते, व्यापारी ती मैदानांवर पसरून वाळवतात आणि गावाबाहेर नजर जाईल तिथपर्यंत जमीन लाल होते. आमच्यातल्या एकाच्या मामांची अशी पथारी आहे. दुसऱ्या वर्षी तिच्या कडेला दोन बांबू रोवले, चादर ताणली, ‘द्रोणा’ लावला. पंधरा मिनिटांत वारा फिरला. मिरचीचा खाट असा काही आला की सगळे शिंकतायत, खोकतायत, डोळ्यांतून धारा. तेवढ्यात आमच्यातलेच अप्पा उशिरा पोचले. बाकीचे सगळे चादरीकडे बघून रडतायत हे पाहून ते हळूच माझ्या कानाशी म्हणाले, ‘‘इतका चांगला आहे का रे पिक्चर?’’ तर जागा घेताना वारा कुठून येतो ते पाहावं आणि मिरचीकडून वारा येणार नाही अशा बाजूला बसावं. पथारी नसेल त्यांना गच्ची चालते. चादर चारही कोपऱ्यांना बांधा, नुसती वर टांगली तर नायकाचं तोंड रात्रभर हलत राहतं आणि तो दोष विनाकारण सिनेमाच्या नावावर जातो.

मग माणसं. एक जण व्हिडिओच्या काळातला हवाच. गणपतीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणायच्या, गल्लीत पोती अंथरायची आणि पहाटेपर्यंत बघायचं, त्या जमान्यातला. या माणसाने वाईट सिनेमाही पैसे देऊन, जागून, डास मारत पाहिलेला असतो. त्याच्या शब्दाला वजन असतं. दोन जण मार्व्हलच्या पिढीतले घ्यावेत. एक सुरतेला कामाला असलेला आणि तिथल्या मल्टिप्लेक्सात पहिल्या दिवशी पाहून आलेला; सुरत-भुसावळ रेल्वेवरच्या आमच्या गावाला मुंबईपेक्षा सुरत जवळची. विज्ञानाचे शिक्षक एकच, आणि त्यांना रात्रभरात दोनदाच बोलायची मुभा. नाहीतर गुरुत्वाकर्षणावर अख्खी रात्र जाते. एक जण सिनेमा फारसा न बघणारा असावा. आमच्याकडे धडगावकडचा एक तरुण आहे. त्याने ‘द्रोणा’ची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, ‘‘भाऊ, आमच्या आजीच्या गोष्टीत राक्षसालाही काहीतरी काम असतं. याला काय काम होतं?’’ कोणाकडे उत्तर नव्हतं. असा माणूस दहा समीक्षकांच्या बरोबरीचा.

सातवी व्यक्ती पंच. आमच्या पंच म्हणजे पथारीवाल्या मित्राच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या वहिनी. त्यांना यातला एकही सिनेमा आवडत नाही, त्यामुळे निकालाबद्दल शंका राहत नाही. शिवाय शेवभाजी त्यांच्या ताब्यात असल्याने ‘‘आता पुरे’’ म्हटलं की खरोखर पुरे होतं.

माणसं बसली की यादीत काय घ्यायचं ते ठरवा. यंत्र किंवा मंत्र, दोन्हींपैकी एक सिनेमात असलं पाहिजे, आणि ते काढून टाकलं तर गोष्ट कोसळली पाहिजे. ‘मि. इंडिया’त यंत्र आहे, ‘झपाटलेला’त मंत्र आहे, दोन्ही पात्र. इच्छाधारी नाग पात्र. नुसतं भूत अपात्र, कारण आमच्याकडे भुताला अद्भुत मानत नाहीत, शेजारी मानतात. देवादिकांच्या सिनेमांवरून मोठा वाद होतो. आम्ही असं ठरवलंय की श्रद्धेपोटी काढलेला सिनेमा बाहेर, संगणकावरच्या करामतींच्या जाहिरातीवर विकलेला सिनेमा आत. म्हणून ‘आदिपुरुष’ आत आला. वहिनींना ते पटलेलं नाही आणि वहीत त्यांचा आक्षेप नोंदवलेला आहे.

पात्र ठरला तरी मराठी सिनेमाला यादीत घेऊ नये, असं माझं मत. पक्षपात म्हणा. नायकाच्या तोंडावर मुखवटा चढवणारा ‘बाजी’ 2015 सालचा, होलोग्रामच्या प्रेमात पडायला लावणारा सुजय डहाकेंचा ‘फुंतरू’ 2016 सालचा. त्यानंतर बोटं मोडायला नावं शोधावी लागतात. ज्या भाषेत मराठी विज्ञान परिषद कित्येक वर्षांपासून विज्ञानकथेच्या स्पर्धा घेते, जिथे जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाने टोपणनावाने कथा पाठवून बक्षीस मिळवलं, त्या भाषेत पडद्यावर हा दुष्काळ. दुष्काळात उगवलेल्या चार रोपांची उंची मोजायची नसते.

आणि मालेगावला यादीत घ्यायचं नाहीच. हा नियम सगळ्यांनी मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण बाकीची सगळी कृती यावर उभी आहे.

धुळ्याच्या पलीकडचं यंत्रमागांचं हे गाव आपल्याला शेजारचं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातलीच माणसं घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि पुढे चक्क सुपरमॅन. यंत्रमागावर काम करणारा शफीक नावाचा काडीसारखा तरुण निळे-लाल कपडे घालून सुपरमॅन झाला. फैज़ा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात हे सगळं दिसतं. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी, उडण्यासाठी मागे हिरवं कापड. हा सुपरमॅन गावातल्या घाणीने आणि तंबाखूने बेजार होतो, कारण तो मालेगावचा आहे. शफीक पुढे कर्करोगाने गेला. 2025 मध्ये रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरांत आला तेव्हा हे सगळ्या देशाला कळलं. मला सांगायचंय ते एवढंच, की भिकार या शब्दात भीक असली तरी तो गरिबाला लावायचा शब्द नाही. बैलगाडीवरून काढलेला शॉट हलला म्हणून हसू येतं, पण ते हसू त्यांना हवंच होतं. चिडायचं ते पैसा, माणसं, यंत्रं सगळं हाताशी असताना ज्यांनी आपल्याला खुळं समजलं त्यांच्यावर.

अमेरिकेतल्या लोकांना हे कळायला जरा वेळ लागला. एड वुड नावाच्या दिग्दर्शकाने 1950 च्या दशकात ‘प्लॅन 9 फ्रॉम आउटर स्पेस’ काढला. त्यातला नामांकित नट बेला लुगोसी आधीच वारला होता. त्याचं थोडंसं चित्रण हाताशी होतं, म्हणून उरलेल्या भागात दुसराच एक माणूस तोंडावर झगा धरून फिरवला. 1980 साली मेडवेड बंधूंच्या पुस्तकात वाचकांच्या मतांनी हा जगातला सर्वांत वाईट सिनेमा ठरला. झालं असं की त्यानंतर लोक तो प्रेमाने बघायला लागले, 1994 मध्ये टिम बर्टनने एड वुडवरच सिनेमा काढला आणि त्यात लुगोसी झालेल्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. चुकीच्या माणसाला शिक्षा दिली की असं होतं.

आता फिर्याद. प्रत्येकाने एक सिनेमा मांडायचा, पण मांडणाऱ्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला असला पाहिजे. हा नियम ऐकताना साधा वाटतो. आम्ही तो लावला त्या रात्री यादीतली निम्मी नावं गळाली. ‘आदिपुरुष’वर तावातावाने बोलणाऱ्या तिघांपैकी दोघांनी फक्त टीझर आणि मोबाइलवरचे तुकडे पाहिलेले. पडताळणी सोपी आहे. शेवटच्या दहा मिनिटांत काय होतं ते विचारा. ‘‘खलनायक मरतो’’ हे उत्तर धरू नये. कशाने मरतो, कोण बघत असतं, त्यानंतर गाणं आहे का, हे सांगता आलं पाहिजे.

फिर्यादीसमोर बचावाचा वकील हवा. तो चिठ्ठीने निवडायचा, स्वखुशीने नाही. स्वखुशीने होणारा वकील मुळात त्या नटाचा चाहता असतो. ज्याला सिनेमा मनापासून आवडत नाही त्याच्यावर बाजू मांडायची पाळी आली की कधीकधी त्याचंच मत हलतं. माझ्या वाट्याला ‘लव्ह स्टोरी 2050’ आला होता. मी मांडलं ते असं : निदान त्या माणसाने पुढची मुंबई कशी दिसेल याचा विचार तरी केला, उडत्या गाड्या, उंच इमारती उभ्या केल्या, आपण तर पुढच्या पावसाळ्यातल्या रस्त्याचाही विचार करत नाही. टाळ्या मिळाल्या. खटला हरलो, ती गोष्ट वेगळी.

बोलताना दोन बंधनं. ‘लॉजिक’ हा शब्द उच्चारला की पाच रुपये दंड, डब्यात टाकायचे. ‘‘लॉजिकच नाही रे भो’’ हे आमच्याकडचं सर्वांत आळशी वाक्य आहे. सिनेमाने स्वतःचा कुठला नियम मोडला ते बोट ठेवून सांगा. दुसरं बंधन असं की माणसाच्या रूपावर, आजारावर, वयावर बोलायचं नाही, आणि बालकलाकाराचं नाव घ्यायचंच नाही. अमेरिकेत 1981 पासून वाईट सिनेमांना ‘रॅझी’ पुरस्कार देतात, त्यांनाही हे ठेच लागल्यावर समजलं. ब्रूस विलिसच्या आजाराची बातमी आल्यावर 2022 मध्ये त्याला दिलेला पुरस्कार मागे घ्यावा लागला, आणि पुढच्याच वर्षी बारा वर्षांच्या मुलीला नामांकन दिल्यावरून बोलणी खाल्ल्यावर अठराच्या खालच्यांना वगळायचा नियम आला. त्याच पुरस्काराच्या मंचावर हॅली बेरी 2005 मध्ये ‘कॅटवुमन’साठी स्वतः हजर झाली होती, एका हातात तिचं जुनं ऑस्कर घेऊन. एवढं काळीज असेल तर आपणही कुणाला घाबरायचं कारण नाही.

वहीत प्रत्येक सिनेमाला एक पान आणि त्यावर चार रकाने : खोटं, उधारी, माज, कंटाळा. पहिल्या तिन्हींना दहा-दहा गुण, कंटाळ्याला वीस. एकूण पन्नास. जास्त गुण म्हणजे जास्त वाईट, हे दर अर्ध्या तासाने मोठ्याने सांगावं लागतं.

खोट्याचा रकाना समजायला ‘मि. इंडिया’ घ्या. शेखर कपूरचा, 1987 चा. हातातलं यंत्र दाबलं की माणूस दिसेनासा होतो, हे एक खोटं. तो लाल प्रकाशात मात्र दिसतो, हा एक नियम. बस्स. खोटं एक, नियम एक, आणि तीन तास तो नियम पाळला. म्हणून लहानपणी आम्ही मिठाईच्या डब्यावरचा लाल कागद डोळ्याला लावून गल्लीभर अदृश्य माणसं शोधत फिरायचो. ‘कोई... मिल गया’ 2003 चा. त्यातल्या जादू नावाच्या परग्रहवासीयाला शक्ती उन्हातून मिळते. ढग आले की तो गळतो. हेही पाळलं. नंदुरबारात तो उतरला असता तर बाराही महिने पहिलवान राहिला असता. याउलट ‘लव्ह स्टोरी 2050’मध्ये नायिका अपघातात जाते आणि नायक कालयंत्रात बसून 2050 सालच्या मुंबईत जातो, तिथे ती पुनर्जन्म घेऊन हजर. आता कालयंत्र आहे तर मागे जाऊन अपघात टाळ ना बाबा! आणि पुनर्जन्मच होणार आहे तर यंत्र कशाला, थोडी वाट बघ. विज्ञान आणि पुनर्जन्म एकाच पाकिटात घातले की दोघंही एकमेकांना खोटं पाडतात. खोट्याचे दहापैकी नऊ गुण. एक मी वकील म्हणून वाचवला.

उधारी म्हणजे उचलेगिरी, पण उचललं म्हणून लगेच गुण द्यायचे नाहीत. ‘झपाटलेला’ची कल्पना 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून आली हे जगजाहीर आहे. तरी तात्या विंचू आपल्या मातीतला वाटतो, रामदास पाध्येंचा बाहुला लक्ष्मीकांत बेर्डेंच्या खांद्याला खांदा लावून काम करतो, महेश कोठारेंनी रोप आणून इथल्या वाफ्यात लावलं. उधारी शून्य. 2002 चा ‘जानी दुश्मन : एक अनोखी कहानी’ पाहा. इच्छाधारी नाग आहे, मागच्या जन्माचा सूड आहे, आपली घरची गोष्ट. मध्येच तो नाग ‘टर्मिनेटर’ आणि ‘मॅट्रिक्स’मधल्या करामती करायला लागतो. नऊवारीला जीन्सचं ठिगळ. आठ गुण.

माजाचा रकाना भरताना थोडं थांबा, कारण इथे सगळे सुटतात. किती खर्च झाला याच्या ऐकीव आकड्यांवर जाऊ नये. माझी कसोटी अशी : चूक लक्षात आणून दिल्यावर काय केलं? ऑक्टोबर 2022 मध्ये ‘आदिपुरुष’चा टीझर आला आणि लोकांनी त्यातल्या चित्रांची टिंगल केली. जानेवारी 2023 मध्ये येणारा सिनेमा पुढे ढकलून जूनमध्ये आणला, म्हणजे दुरुस्तीला वेळ घेतला. आल्यावर मात्र लोक संवादांवरून भडकले आणि चालू सिनेमात संवाद बदलावे लागले. दिग्दर्शक ओम राऊत आपला माणूस, त्याने आधी ‘लोकमान्य’ काढलेला, ‘तान्हाजी’ काढलेला. त्यामुळे आमच्याकडे राग कमी आणि हळहळ जास्त होती. तरीही सात. ‘रा.वन’ला बचावाच्या वकिलाने वाचवलं. 59 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्तम स्पेशल इफेक्ट्सचा पुरस्कार याच सिनेमाला मिळाला, हे त्याने वहीवर हात ठेवून सांगितलं. नूडल्समध्ये दही कालवणारा दाक्षिणात्य माणूस दाखवला त्याचं काय, असं फिर्यादीने विचारलं. चुलतभाऊ पुन्हा उठून उभे राहिले. वहिनींनी शेवभाजीचं पातेलं झाकलं. माज चार, पुढे चला.

या रकान्याच्या निमित्ताने एक गोष्ट वहीत आपोआप दिसू लागली. आपल्याकडचे हे सिनेमे म्हणजे बापाने लेकाला टाकून दिलेली दुकानं आहेत. राकेश रोशनने हृतिकसाठी ‘कोई... मिल गया’ काढला आणि दुकान चाललं. हॅरी बावेजाने हरमनला उभं करायला 2050 साल उभं केलं. राजकुमार कोहलींनी अरमानसाठी ‘जानी दुश्मन’. आणि हे कोहली म्हणजे 1976 च्या ‘नागिन’चे आणि 1979 च्या पहिल्या ‘जानी दुश्मन’चे दिग्दर्शक, नाग त्यांना नवा नव्हता. आमच्याकडे व्यापाऱ्याचा मुलगा गल्ल्यावर बसायच्या आधी तोंड न झाकता चार महिने मिरचीच्या पथारीवर काढतो. मग त्याला माल कळतो.

राहिला कंटाळा. तो वीस गुणांचा का, तर वाईट असून करमणूक करणारा सिनेमा भिकार नाही, तो नमुना आहे. मोजायची पद्धत अशी. सिनेमाचा कुठलाही तुकडा निवडून लावू नका. निवडलेला तुकडा खोटं बोलतो. मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांत चांगला सिनेमाही येडपट दिसतो. सरळ चाळिसाव्या मिनिटापासून बारा मिनिटं दाखवा, जे असेल ते. त्यानंतर वकिलाला त्याच्या पसंतीची पाच मिनिटं द्या. या वेळात सगळ्यांच्या मागे बसून एकाने फक्त मोबाइल मोजायचे. ज्याचा खिशातून बाहेर आला त्याच्या नावापुढे रेघ. आमच्याकडे ‘जानी दुश्मन’ला एकही रेघ पडली नाही. अक्षय कुमार, सनी देओल, सुनील शेट्टी, शिवाय नट म्हणून सोनू निगम, सगळे एकाच नागाच्या तावडीत. पुढे काय होईल ते दिग्दर्शकालाही ठाऊक नसावं, मग मोबाइल कोण बघतो? व्हिडिओवाले आबा तर उठून चादरीजवळ जाऊन बसले. ‘‘हाई काय शे, भो!’’ एवढंच म्हणत होते, पण आनंदाने.

‘द्रोणा’ला दहाव्या मिनिटाला सहापैकी पाच मोबाइल बाहेर. सहावा धडगाववाला, त्याची बॅटरी संपली होती. अमृत आहे, त्याचा रक्षक आहे, निळी पाकळी आहे, तलवार आहे, के के मेनन जीव तोडून खलनायकी करतोय, आणि तरी डोळे मिटतात. त्यात दिसणाऱ्या प्रियांका चोप्राबद्दल मात्र सगळ्यांना कणव आली. 2008 या एकाच सालात तिचे ‘लव्ह स्टोरी 2050’, ‘गॉड तुस्सी ग्रेट हो’ आणि ‘द्रोणा’ आले, म्हणजे कालयंत्र, देव आणि अमृत तिन्ही करून झालं. त्याच वर्षी ‘फॅशन’ही आला, त्यात यंत्र नव्हतं की मंत्र, आणि त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मतदान जेवणाच्या आधी घ्या. जेवल्यावर माणूस क्षमाशील होतो आणि सगळ्यांना पाच-पाच गुण वाटतो. हात वर करून मत घेऊ नये, अप्पांचा हात वर गेला की तिघांचे आपोआप जातात. चिठ्ठीवर चारही रकान्यांचे गुण लिहायचे, तांब्यात टाकायचे, पंचांनी मोठ्याने वाचायचे आणि सरासरी काढायची. बरोबरी झाली तर कंटाळ्याचा रकाना बघायचा. निकालावर अपील चालतं, पण पुढच्या वर्षी, आणि अपील करणाऱ्याने तो सिनेमा पुन्हा अख्खा बघून आलं पाहिजे. आजवर दोघांनी अपिलाची भाषा केली, आलं कोणी नाही. ज्याचा सिनेमा जिंकला त्या फिर्यादीने शेवभाजीचे पैसे भरायचे. हा नियम उलटा वाटेल, पण त्यामुळे लोक नुसतं जिंकण्यासाठी कुठलाही सिनेमा मांडत नाहीत. दंडाच्या डब्यातले पैसे पावाला.

वीज गेली तर वाद थांबवू नका. उलट सिनेमा न दाखवता नुसता तोंडी सांगायला लावा. दोन वर्षांपूर्वी इन्व्हर्टरनेही मान टाकली तेव्हा आबांनी 1987 चा, पुनीत इस्सर उडतो तो हिंदी ‘सुपरमॅन’ अंधारात अर्धा तास सांगितला. इतका रंगला की वीज आल्यावर कोणी प्रोजेक्टर लावू देईना.

आमच्या वहीतला हिशेब असा : पहिलं वर्ष, निकाल नाही. दुसऱ्या वर्षी मिरचीच्या खाटामुळे मतदान रद्द. तिसऱ्या वर्षी ‘लव्ह स्टोरी 2050’, पन्नासपैकी छत्तीस. चौथ्या वर्षी पुन्हा लावलेला ‘द्रोणा’, एकेचाळीस, आणि तोच अजून पहिल्या जागेवर. ‘जानी दुश्मन’ला बाविसाच्या वर कधी जाता आलं नाही, तो आता आम्ही दर वर्षी निकालानंतर, जेवताना लावतो.

एक पान चार वर्षांपासून कोरं आहे. वर ‘रुद्राक्ष, 2004’ असं लिहिलंय, संजय दत्त, सुनील शेट्टी आणि बिपाशा बासू यांची नावं लिहिली आहेत, खाली काही नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला माणूस आम्हाला जिल्ह्यात सापडलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर दिवाळीनंतरच्या शनिवारी नंदुरबारला या. शेवटच्या दहा मिनिटांत काय होतं तेवढं आठवून या, जेवण आमच्याकडे.